निरंक

बट नंबर चारशे सतरा.
तुमचा मोबाईल मला कधीच पाठ झाला नाही,
हा झाला.
इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री तुम्ही विचारायचात
आणि मी पोळी लाटता लाटता सांगायचे,
सतराचा पाढा म्हणावा तसं.

रविवारी जुना पेपर अंथरून
तुम्ही जमिनीवर मांडी घालायचात.
सरकारी तेल संपलेलं असायचं, कायमच.
मग माझ्या शिलाई मशीनची कुपी.
एकाच तेलावर चालायची आपल्या घरातली दोन्ही यंत्रं.
एक पोटासाठी.
दुसरं कशासाठी, ते मी कधी विचारलं नाही.

पेठ रोडच्या नाक्यावर त्या रात्री
खैराच्या लाकडाचा ट्रक थांबला नाही.
बाकी सगळं पंचनाम्यात आहे.
उजेड किती, रस्ता कसा, बूट कुठे पडला होता.
आणि एक ओळ:
काडतुसे मिळाली सहा. झाडलेली, निरंक.

कोणी म्हणालं, हात आखडला भोयेसाहेबांचा.
कोणी म्हणालं, वेळच मिळाला नाही.
दिवसकार्याला आलेला एक होमगार्ड
चपला घालताना हळूच बोलला,
क्लिनरच्या जागी पोरगं होतं, ताई. बारा-तेराचं.
साहेबांनी काढलं होतं बाहेर. मग खाली केलं.
त्याचं नाव विचारायचं राहिलं.

आडगावला मुख्यालयात मी अर्ज घेऊन गेले.
पिंगळेभाऊ सज्जन माणूस. आधी पाणी दिलं.
टोपी मिळेल वहिनी, बेल्ट मिळेल,
शिट्टी मिळेल दोरीसकट.
शस्त्र सरकारचं.
बाहेरच्या देशात म्हणे देतात विकत, बायकोला.
आपल्याकडे तशी तरतूद नाही.

तरतूद.
ब्लाऊज शिवताना मी अर्धा इंच कापड आत सोडते,
उद्या अंग भरलं तर उसवता यावं म्हणून.
मला वाटायचं, त्यालाच म्हणतात.

किंमत तरी सांगा, म्हटलं.
भिशीचे अठरा हजार होते पिशवीत,
दळणाच्या डब्याखाली, कुणाला दिसू नयेत असे.
घसारा वजा जाता काहीच नाही हो, ते म्हणाले,
जुनं मॉडेल.
आणि फॉर्म माझ्याकडे फिरवला.
कारण, या रकान्यात स्वसंरक्षण लिहा.
मी लिहिलं. मग खोडलं.
कोणापासून?

जे झाडलं गेलं नाही ते मला घरात हवं होतं.
कपाटात, साड्यांच्या खाली, गोळ्यांशिवाय.
एवढं मावत नाही त्या रकान्यात,
आणि मावलं असतं तरी
साहेबांच्या सहीसाठी ते वरच्या टेबलावर गेलं असतं,
आणि तिथे कोणी मोठ्याने वाचलं असतं.

फॉर्म घडी करून आणला. अजून आहे.

काल एक मुलगी आली, म्हसरूळ ठाण्याची,
अकादमीतून बाहेर पडून दोन महिने झालेली.
पॅन्ट कंबरेत ढिली होते, म्हणाली,
पट्ट्याला वजन असतं ना.
माप घ्यायचं म्हणून तिने ते सोडवून
मशीनवर ठेवलं, माझ्या कात्रीशेजारी,
आणि माझ्याकडे बघून जरा ओशाळली.

मी वाकले. टेप खाली पडली होती, खरंच पडली होती.
वाकता वाकता नंबर वाचला.
दोनशे एकोणनव्वद.

कंबर सत्तावीस, मी वहीत मांडलं.
आत अर्धा इंच सोडते, म्हटलं.
नको काकू, ती म्हणाली, मी काही जाड होत नाही.
असू दे, म्हटलं.

चहा होईपर्यंत ती तिथेच बसली, मोबाईल बघत.
घोडा जरा आवळल्यासारखा वाटतो, म्हणाली,
स्टोअरला तेल नसतं कधी.
मी कुपी तिच्यापुढे सरकवली
आणि पेपर शोधायला आत गेले.