पान चौदावरचा समुद्र

नागपूरहून आलेल्या आराखड्यात
पान चौदावर समुद्र होता.
नगर परिषदेत तो पहिल्यांदा मलाच दिसला,
कारण मापं तपासायचं काम माझं.
‘समुद्राभिमुख पदपथ, रुंदी सहा मीटर.’
दोन्ही बाजूंना नारळ.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं, उगाच.
बाहेर मे महिना,
गळक्या टँकरमागे तीन कुत्री
आणि बंद जिनिंगच्या चिमणीला अडकलेला
कुणाचा तरी मागच्या संक्रांतीचा पतंग.

चेनमन वासनिक मान वाकडी करून स्क्रीन बघत म्हणाला,
‘असू द्या न मॅडम. लोकायले पसंत येईन.’

नवोन्मेष व तंत्रज्ञान व्यापार संकुल.
ई-क्लास जमीन, एकोणीस हेक्टर चाळीस आर.
अध्यक्षांची जीभ पहिल्याच शब्दाला ठेचकाळते,
मग ते ‘आपलं थे नवं’ म्हणतात
आणि सगळ्यांना कळतं.

मोजणीला गेलो तेव्हा सहा वाजले होते.
आखरावर ढोरं जमत होती.
वासनिकनं चुन्याची पहिली रेघ ओढली,
एका गोऱ्ह्यानं ती हुंगली, शिंकला.
लोमाजी नेहारे काठीवर हनुवटी टेकून उभा.
‘काय होते इथं?’
मी सांगितलं : सर्व्हर. मोठ्या मशिनी, रात्रंदिवस चालणाऱ्या.
‘गरम होत असतीन.’
होतात.
‘मंग इथं नका ठेवू. इथं वारं लागत नाई.
दुपारी ढोरंबी इथं बसत नाईत.
थे पाहा, तिकडं बसतात, हिवराखाली.’

त्याचं बोट जिकडे होतं
तिकडचा कोन मी मोबाईलवर घेतला.
एकशे बारा अंश.
अहवालाच्या दोनशे पानांत वाऱ्याबद्दल
एवढं नेमकं कुठेच नव्हतं.

मला हे संकुल नको आहे, असं कुणी समजू नये.
माझी भाची प्रणोती पाण्याच्या टाकीच्या
अकराव्या पायरीवर बसून
कुठल्याशा परदेशी दवाखान्याची बिलं तपासते.
बाराव्या पायरीवर रेंज जाते. दहाव्यावर शेजारी बोलतात.
तिला एक खुर्ची हवी आहे,
पाठ टेकता येईल अशी.

आई जिनिंगमध्ये कवडी वेचायची.
घरी यायची तेव्हा पापण्यांवर कापूस,
भुवया पांढऱ्या, जणू एका पाळीत म्हातारी झालेली.
नकाशा तिच्यासमोर पसरला
तर तिनं इमारती पाहिल्याच नाहीत.
‘भोंगा कुठं हाये?’
भोंगा नसतो आता.
‘मंग सुट्टी झाली हे कसं कळते बायायले?’

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

रात्री ऑफिसात एकटीनं समुद्र खोडला.
निळा रंग निवडला, दाबलं, गेला.
इतकी मोठी गोष्ट, आवाजसुद्धा झाला नाही.
त्या जागी बोरनाला काढला, तुटक रेषेनं,
कंसात लिहिलं : हंगामी.
मशिनींची इमारत चाळीस मीटर सरकवली,
एकशे बारा अंशांकडे.
पांदण ठेवली, नऊ फूट, जनावरं जातील एवढी.
झाडांच्या यादीत हिवर नव्हता.
नारळ होते, पाम होते, मेपल होता.
मग साधी वर्तुळं काढली, सात,
आणि टीप टाकली.

कन्सल्टंटचं उत्तर आलं :
‘हिवर म्हणजे काय? शब्द तपासावा.’

सभेत नवा आराखडा पडद्यावर आला.
प्रोजेक्टरचा पंखा घरघरला, कुणी चहा सांडला.
पांदणीबद्दल कुणी विचारलं नाही,
वाऱ्याबद्दल नाही, खुर्च्यांबद्दलही नाही.
वॉर्ड सातच्या सुलोचनाबाई ढोबळे उठल्या.
जुनं चित्र त्यांच्या फोनमध्ये होतं,
लेकीला, जावयाला, साऱ्या वॉर्डाला पाठवून झालेलं.
‘पहिल्या नकाशात समुद्र होता,’ त्या म्हणाल्या,
‘थो काहून काढला?’

कुणी हसलं नाही.
लिपिकानं इतिवृत्तात लिहून घेतलं :
विषय क्रमांक नऊ, समुद्र.
निर्णय प्रलंबित.