गोठ्यावरचा कापूस

पाच जानेवारी. नाताळचा गोठा अजून मोडला नव्हता.
तिन्ही राजे उद्या पोचायचे होते.
रात्री पावणेतीनला नंदगडच्या चर्चची घंटा
कुणी दोर न ओढता एकदाच वाजली.
पहाटे कळलं, बिडीच्या पलीकडं होन्नकट्टी
खाली बसलीय,
दमलेल्या हमालानं पोतं टेकवावं तशी.

टेम्पो बँडवाल्या काइतानचा.
मागचा ढोल उतरवला, तरी वाटभर
हौद्यात काहीतरी घुमत राहिलं.
सलाईन, बांबूच्या कामट्या, प्लॅस्टरचे डबे, स्टोव्ह,
थर्मासात बर्फ घालून धनुर्वाताची इंजेक्शनं.
कापसाच्या गुंडाळ्या मात्र दोनच.

निघताना नर्स इस्तेलानं गोठ्याकडं बघितलं.
छपरावर माझा बर्फ होता,
चार नाताळ जपून ठेवलेला,
दीड किलो कापूस, वर रुपेरी चमकी.
"जखमेला नको," ती म्हणाली, "प्लॅस्टरखाली चालतंय."
मी सगळा गोळा केला. बाळ उघडं पडलं.
एका मेंढपाळाचं घोंगडं काढून त्याच्यावर टाकलं
आणि टेम्पोत चढलो.
मला रक्त बघवत नाही.
मला नेलं ते कन्नड येतं म्हणून.

शाळेची पाटी दोन लिप्यांत होती.
कुठली लिपी वर, यावरून दिवाळीत डोकी फुटलेली.
त्या फळीचं आम्ही स्ट्रेचर केलं.
अक्षरं खाली, माणूस वर.

एकानं लांबूनच विचारलं,
"फुकट देऊन मग काय करायला लावणार?"
डॉक्टर होसमनींनी मान वर केली नाही.
"धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला लावणार. बाही वर कर."

दुपारी एक पोर आणलं.
डॉक्टरांनी नळी बराच वेळ छातीवर ठेवली,
मग टॉवेल वर ओढला.
आई बोलतच होती.
इस्तेलानं मला विचारलं, "काय म्हणालीय ती?"
मी म्हणालो, "नाव सांगालीय."
ते खरं नव्हतं.

संध्याकाळी कल्लव्वा. उजवं मनगट मोडलेलं.
"नोवु एल्ली?" इस्तेलानं तिच्या तुटक कन्नडात विचारलं.
म्हातारीनं हात पुढं केला, पण बोलली म्हशीबद्दल.
सकाळपासून धार काढलेली नाही, सड तटतटलेत,
हे पांढरं बांधलंत तर पिळणार कोण?
काइतान उठला. क्लॅरिनेटवर फिरणारी त्याची बोटं
म्हशीला बिलकूल पटली नाहीत.
म्हातारी प्लॅस्टर वाळेस्तोवर त्याला शिव्या देत होती,
आणि त्या मी
एकूण एक भाषांतर केल्या.
त्या दिवसात पहिल्यांदा कुणीतरी हसलं.
रात्री तेच दूध
स्टोव्हवर तापवून सगळ्यांना घोट घोट मिळालं.

सहा आठवड्यांनी ती दवाखान्यात आली, एसटीनं, एकटी.
नेमका राखेचा बुधवार.
आमच्या कपाळांकडं तिनं निरखून बघितलं,
मग स्वतःच्या विभूतीच्या तीन पट्ट्यांवर बोट टेकवून म्हणाली,
"नीवू हच्चकोतीरी?" तुम्हीपण लावता होय?
इस्तेलानं मान हलवली.
"पण नीट लावत नाही," म्हातारी म्हणाली. "फासल्यागत दिसतंय."

प्लॅस्टर कापलं.
आत हात बारीक झालेला, कातडी पापुद्र्यांची,
आणि मनगटाभोवती चमकी.
ती टेबलावर सांडली, इस्तेलाच्या बाहीला लागली.
कल्लव्वानं हात खिडकीशी नेला,
उलटसुलट केला, बोटं मिटली, उघडली.
विचारलं काहीच नाही.

मी कापूस बादलीत टाकायला निघालो, तर तिनं धरला.
देवाला चालणार नाही, ती म्हणाली,
अंगाचा आहे.
पण गोठ्यातल्या चिमणीला वात होईल.
म्हैस यायला झालीय, रात्री उजेड लागतो.

चमकीचा कापूस नीट जळत नाही.
तडतडतो, मध्येच ठिणगी उडवतो.
हे मला माहीत होतं.
मी तिला पुडी बांधून दिली.