सहाशे बेचाळीस

गुळाच्या अडतीवरचा मोठा काटा
दुपारी तीनला अर्धा तास मोकळा असतो.
तेवढ्यात टिटवी चढवली त्यावर.
बशीर शिकलगार उतरला, मी उतरले,
किल्लीसुद्धा काढून घेतली.
सहाशे बेचाळीस किलो.
हमाल म्हणाला, "एवढंच? आत काय भरलंय का न्हाई?"

नाही.
उद्यमनगरातल्या त्या पत्र्याच्या शेडात
तीन वर्षं आम्ही काढतच आलोय:
दारातला आतला पत्रा, मागची सीट, रेडिओ,
बशीरच्या हट्टापायी घड्याळसुद्धा.
माझ्या वहीत
वजा झालेलं सगळं जमेला लिहिलंय.

रविवारी ऋतुराज इंगवले आला.
हायवेला हॉटेल आहे त्याचं, हात सढळ.
टिटवी सुभाष रोडला एक फेरी मारून आणली,
केस विस्कटलेले, हसू कानापर्यंत,
आणि गाडीतनं पाय बाहेर काढायच्या आधीच:
"ताई, नादच न्हाई! पण नव्वद घोडं म्हंजे...
लोकं इचारत्यात, मी काय सांगू?
दीडशेचं काढा की एखादं."

बशीर बोलला नाही.
कानावरचा खडू घेतला, फरशीवर उकिडवा बसला.
इंजिन: अठ्ठेचाळीस किलो जास्त.
म्हणून पुढची स्प्रिंग जाड.
वेग जास्त, म्हणून ब्रेकच्या थाळ्या मोठ्या,
थाळ्या मोठ्या म्हणून चाकं मोठी,
चाकं रुंद म्हणून स्टिअरिंग जड,
जड म्हणून त्याला मोटर,
आणि एवढं सगळं ओढायचं तर
दीडशे कमीच पडतील की रे, इंगवले.
लिहीत लिहीत तो ड्रिल मशीनच्या मागनं
दारापर्यंत सरकत गेला.
किंमत लिहायला फरशी उरली नाही.

"पैलवानाला खुराक नको व्हय?" ऋतुराज म्हणाला.

तालमीचं काढू नकोस, मी म्हटलं,
या गावात इस्त्रीच्या दुकानालाही
तालमीची उपमा देतात.
आणि द्यायचीच असेल तर ऐक:
सत्तावन्न किलोचं पोरगं
दूध-बदाम घालून चौऱ्याहत्तरात लढवलंस,
जिंकेलही ते.
पण सत्तावन्नाच्या कुस्तीला
शिट्ट्या मारत उभा होतास ना तू?

हे मी त्याला सांगितलं.
जे सांगितलं नाही ते असं:
वाघबीळच्या चढाला परवा पुढं उसाचा ट्रॅक्टर,
मागं दोन ट्रॉल्या हेलकावत,
समोर जेमतेम मोकळा रस्ता,
माझा पाय तळाला टेकलेला
आणि टिटवी विचारात पडलेली.
ड्रायव्हर मान वळवून बघत होता,
कर्ण्यावर गाणं जोरात,
हातानं खुणावत होता, जावा, जावा.
कशी जावा?
तेव्हा शंभर नको, दीडशे नको,
वीस. फक्त वीस घोडे जास्तीचे
मी त्या चढावर कुणाच्याही पाया पडून मागितले असते.

मग वळण आलं.
ट्रॅक्टर कडेला झाला आणि वळण आलं.
ब्रेकला पाय लावावासा वाटला नाही.
झिजल्या चपलेतनं खडा कळावा
तसा रस्ता तळहाताला कळत होता.
काट्यावर बघितलं तर जेमतेम पन्नास.
पन्नासला छाती अशी धडधडावी
आणि नाक्यावरच्या पोलिसानं
जांभई सुद्धा अर्धी सोडू नये,
आम्ही बनवलंय ते एवढंच.
एका शिक्षकाला परवडेल एवढ्यात.

ऋतुराज ॲडव्हान्स ठेवून गेलाय.
दीडशेवालीचा.
पाकीट टेबलावर आहे, वर जुना पिस्टन ठेवलाय,
शेडातल्या दोन पोरांचा दिवाळीपर्यंतचा पगार
त्यात आरामात बसतो.
फरशी मी पुसलेली नाही.

आज सकाळी लवकर आले
तर बशीर टिटवीच्या नाकात डोकं घालून,
हातात टेप.
मला बघून दचकला.
"नुस्तं बघालोय," म्हणाला.

मी वही उघडली.
"किती येतंय?" विचारलं.