नदीकाठचं टेबल

लेकीने फोनवर सांगून ठेवलं होतं,
नदी दिसेल असं टेबल हवं.
त्याचे वेगळे पैसे पडतात हे मला नंतर कळलं,
बिलाच्या तळाशी, बारीक अक्षरांत.

बीकेसीत, आठव्या मजल्यावर,
जमिनीपासून छतापर्यंत काच
आणि काचेपलीकडे ती.
भरती होती, म्हणून देखणी दिसत होती.
केतकी म्हणाली, बाबा, ओळखलंत?

ओळखलं म्हणजे काय.
एकतीस वर्षं महापालिकेच्या पर्जन्य जलवाहिन्या खात्यात
हिचाच गाळ मोजला मी.
गोणबरे बांबू खुपसायचा, मी वहीत आकडा लिहायचा,
गाळाखाली गाळ, त्याखाली कुणाची तरी सायकल.
समुद्र कुर्ल्यापर्यंत उलटा चालत यायचा
आणि आम्ही दोघं पुलाखाली, न उघडलेले डबे मांडीवर घेऊन
तो परत जायची वाट बघायचो.
काठावर डबा उघडायचा नाही, हा गोणबरेचा नियम.
वास भाजीत उतरतो म्हणायचा,
मग घरी कितीही फोडणी द्या.

केतकी लहानपणी विचारायची, नदीला मिठी का म्हणतात?
मी म्हणायचो, जवळ गेलं की सोडत नाही.

पिठलं आलं.
काचेच्या घुमटाखाली, आत धूर कोंडलेला.
वेटरने घुमट उचलला तशी
प्रमिलाने सवयीने पदर नाकाला लावला,
मग कळलं, धूर लाकडाचा आहे, चांगला आहे,
आणि पदर हळूच मांडीवर घेतला.
भाकऱ्या तीन, बशीच्या मध्यात, जुन्या रुपयाएवढ्या.
"या खायच्या की ओवाळून टाकायच्या?"
केतकी हसली, पण इकडेतिकडे बघून.

वेटरच्या छातीवर तौसीफ लिहिलेलं.
कुठला रे तू?
कुर्ला, साहेब.
कुर्ला मोठं आहे.
त्याने पाण्याचा जग ठेवला, मॅनेजरकडे एकदा पाहिलं,
आणि काचेला डाग पडू नये इतक्या अंतरावरून बोट दाखवलं,
तो पूल, पुलापलीकडे निळी ताडपत्री, तिथून तिसरं.
पुलाच्या खांबावर लाल पट्टा आहे अजून?
आहे ना. पाणी पट्ट्याला लागलं
की अम्मी गाद्या माळ्यावर टाकते.

तो पट्टा मी मारलेला.
ऑइलपेंट, दोन हात, होडी धरायला गोणबरे.
फाइलीत त्याला धोक्याची पातळी म्हणत,
आणि ती फाइल कुठल्या टेबलावर थांबली
हे निवृत्त होईपर्यंत मला कुणी सांगितलं नाही.
कुणीतरी तो वाचत होतं तर.
मला एकदम खूप भूक लागली.
मी तौसीफला म्हटलं, अजून भाकऱ्या आण,
मोठ्या असतील तर मोठ्या.
मोठ्या नव्हत्या.

शेवटी पितळी वाट्या आल्या,
कोमट पाणी, त्यात लिंबाची फोड.
प्रमिला तिच्याकडे बघत राहिली.
आमच्या मोरीच्या कट्ट्यावर
रोज संध्याकाळी अर्धं लिंबू पालथं ठेवलेलं असायचं.
ते कुणासाठी, हे ती कधी बोलली नाही.
मी कोपरापर्यंत चोळायचो, मग पाटावर बसायचो.
लिंबू दहाला एक झालं त्या उन्हाळ्यातही
कट्टा रिकामा नव्हता.
"इथे जेवण झाल्यावर देतात," ती म्हणाली,
आणि बोटं बुडवली.

खाली दरवाजा उघडला आणि आला.
ओहोटी लागली होती.
गाडीची वाट बघणारे लोक रुमाल काढत होते,
एक मुलगी ई करून परत आत पळाली.
मी उभा राहिलो, मागून कुणी नावाने हाक मारावी तसा.
प्रमिलाचा पदर या वेळी जागेवरच होता.
"तुमचे शर्ट," एवढंच म्हणाली.

केतकीने बसल्या बसल्या काचा वर घेतल्या.
सिग्नलला, पुलावर, मी मागे वळून पाहिलं,
प्रमिलाने आपल्या बाजूची
बोटभर खाली केली होती.