किमान पात्रता

अकराच्या फेरीबोटीने आली,
मांडीवर सीपीयू, जुन्या साडीत बांधलेला,
वर गाठ, गाठीत खोचलेली वायर.
शेवंती जाक्कर,
वेलदूरच्या मच्छीमार सोसायटीची कारकून.
धोपाव्यापासून दाभोळपर्यंत पोरं विचारत होती म्हणे,
मावशी, कोंबडा हाय का आत?

"बामणे, ह्याला जरा बघा वो.
रोज सकाळी एकच पाटी लावून बसतो."

पाटी मला पाठ आहे.
या महिन्यातली ही सतरावी.
नवीन आवृत्ती येतेय, आणि
तुमचा संगणक तिच्या लायकीचा नाही.
लायकी हा शब्द माझा.
तिथे सभ्यपणे लिहिलंय, किमान आवश्यकता.

मी वाचून दाखवतो:
प्रोसेसर आठव्या पिढीचा हवा.
"आठव्या?
आमची बोट तिसऱ्या पिढीत हाय,
आनि अजून पाण्यात हाय."
मेमरी दुप्पट.
"ती तर मलाच पायजे."
आणि एक चिप, नखाएवढी,
जिने फक्त शपथेवर सांगायचं
की हे यंत्र म्हणजे हेच यंत्र,
मधल्या मधे कोणी बदललेलं नाही.
"असला दाखला आमच्याकडे तलाठी देतो,"
शेवंती म्हणते,
"चार फेऱ्यांत."

स्क्रू गंजलेले. झाकण उघडतो.
खाडीचा वारा नऊ वर्षं आत बिऱ्हाड करून राहिलाय:
मदरबोर्डच्या कडेला मिठाची पांढरी रेघ,
रॅमच्या सोनेरी दातांवर हिरवट थर,
पालीच्या अंड्यांची दोन टरफलं,
आणि पंख्याच्या पात्याला चिकटलेला
तांबोशीचा एक खवला,
रुपयाएवढा, अजून चमकणारा.

हे कुठल्याच यादीत नसतं.
यादी करणाऱ्यांच्या खिडक्या
बहुतेक बंद असतात.

पुतणीच्या कंपासातला खोडरबर घेतो,
रॅमचे दात घासतो, हळू, एकाच दिशेने,
बाबा इंजिनाचा नोझल पुसायचे तसा.
बसवतो.
एक बीप.
एकशे बारा बोटी, डिझेलचा परतावा,
खलाशांची नावं, वयं, वारस,
सगळं जागच्या जागी.
त्याला काही झालेलंच नव्हतं.
तो फक्त उद्याला पुरत नाही.

मग मी आवाज उतरवून सांगतो,
एक वाट आहे.
आतल्या नोंदीत एक ओळ घातली
की तो तपासणीच करत नाही.
चालतं. बरेच जण चालवतात.

शेवंती खवला बोटाच्या टोकावर धरून बघत होती.
"आमच्याकडे बोटींची तपासणी असते ना,
त्या दिवशी सहाच लाइफ जॅकेटं
चौदा बोटींवर फिरतात.
साहेब मोजतो, सही करतो, चहा घेतो.
यादी मीच टाइप करते.
ह्याच्यावरच."

खाली धक्क्यावर फेरीचा भोंगा.

"नको," म्हणाली.
का, ते तिने सांगितलं नाही.
मीही पडद्यावरच्या वारसाच्या रकान्यावरून
नजर काढून घेतली.

नव्याचा अंदाज बिलाच्या पाठीवर लिहून दिला,
चाळीस हजारांच्या वर.
तिने तो वाचला, चारदा घडी घातली.
नारळी पुनवेनंतर मीटिंग.
तिथेही आधी जेटीवरच्या दिव्याचा विषय निघतो,
आणि तो दरवर्षी संपत नाही.

तोवर नेटची वायर मी काढून ठेवली.
आता हा बाहेर जाणार नाही.
बसल्या जागी लिहील, बेरजा करील, छापील.
आषाढात ओढून घेतलेल्या बोटीवर
झापं घालतात, तसा राहील.

साडीची गाठ मारताना तिने विचारलं,
"रबराचे किती?"
राहू दे म्हटलं.
ऐकलं नाही. पन्नासची नोट टेबलावर ठेवली,
आणि उडू नये म्हणून वर तो खवला.

खवल्याने कसली अडतेय नोट.
ती जिना उतरेपर्यंत
मी पंखा बंद करून बसलो.