इतर शेरे

गिऱ्हाईक चांगलं होतं, अक्कलकोटचे मास्तर.
मोरी बघितली, गच्चीवरून गिरणीची चिमणी बघितली,
चहा संपवून म्हणाले, आता कागद दाखवा.

इराबत्ती वकिलांनी प्रॉपर्टी कार्डावर
पेन्सिलीने तीन टिकल्या केल्या.

पहिली, विणकर सोसायटीचा बोजा, चार हजार.
माग कधीच भंगारात गेला, किलोवर.
सोसायटीच्या गाळ्यात मोबाइल दुरुस्त होतात.
कर्ज अण्णांनी फेडलेलं, पावती देव्हाऱ्यात,
कुंकवाने लाल.
देवाला माहीत होतं. कार्डाला नव्हतं.

दुसरी, पूर्वेला आठ इंच.
अडकींचा जिना आमच्यात उतरतो.
त्याच पायरीवर बसून आम्ही दोन्ही घरची पोरं
चिंचोके खेळलो.
मोजणीवाल्याने फीत गुंडाळली.
काकूंनी संमतीवर सही दिली,
तेव्हापासून बोलत नाहीत.

तिसऱ्या टिकलीखाली नाव होतं, नागमणी.
आमच्यात ते फक्त लोणच्याच्या दिवसांत निघायचं:
तिच्यासारखी फोड कुणाला जमत नाही.
राहते विडी घरकुलात. बसने अर्धा तास.

मांडीवर सूप, पानं ओली, हात थांबले नाहीत.
मी हक्कसोडपत्र वाचून दाखवलं.
"म्हणजे घर माझं होतं?"
चौथा हिस्सा, आत्या.
"कवापासून?"
आजोबा गेले तेव्हापासून. एकोणचाळीस वर्षं.
तिने एक विडी वळली. दुसरी वळली.
"पोरीला घेऊन मी खोल्या बदलत हिंडले,
तवाबी?"

वकिलांनी याचं उत्तर लिहून दिलेलं नव्हतं.

"सोडायचं कशाला रे? तुम्ही विकायलाव नव्हं?
मग मीबी विकते."

थोरल्याने फोन आपटला.
मी कागद फाडला. पाचशेचा स्टॅम्प होता,
फाडताना तेवढंही आठवलं, खोटं का सांगू.

निबंधकाच्या कचेरीत यंत्राने
तिचा अंगठा तीनदा नाकारला.
कारकून म्हणाला, आजी, नीट पुसा, परत ठेवा.
ती म्हणाली, अजून काय पुसू?
पन्नास वर्षं पान वळून
रेषा कुठल्या कुठे गेलेल्या.
मग तर्जनी. मग मधलं बोट.
मागे रांग, मास्तर घड्याळ बघतायत,
थोरला दारात, पाठ करून.

शेवटी करंगळी चालली.
विडीच्या कामात तिला
कुणी घेतलंच नव्हतं.