पासंग

सकाळी अकरा. तीच खुर्ची, तीच खिडकी.
उखर्डू मापाडी बसतात.
अमळनेरच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षं
कापूस तोलला, दादर तोलली, भुईमूग तोलला.
आता उजवा खांदा तोलायला माझ्याकडे.

मागच्या मंगळवारी मी लिहिलं: एकशे बारा.
बुधवारी मी रजेवर, हितेंद्रने लिहिलं: एकशे अठ्ठावीस.
शुक्रवारी पुन्हा मी: एकशे एकोणीस.
माणूस एक, हात एक,
कार्डावर उंच्या तीन.

कोनमापक साधा आहे,
प्लास्टिकच्या दोन पट्ट्या, मध्ये खिळा.
खोटं बोलतो तो माझा अंगठा,
हाडाचं टोक समजून मांसावर टेकतो.
आणि खोटं बोलते पाठ.
हात जिथे अडतो तिथून ती हळूच मागे रेलते,
उरलेलं माप आपल्या पदरचं घालते,
कुणी न मागता.

आज निळ्या पेनाने ठिपके काढले:
खांद्याच्या कडेला, कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर,
काखेखालच्या रेषेत एक.
छाती पट्ट्याने खुर्चीला बांधली.
गुडघ्यावर बसून डोळा खिळ्याच्या उंचीला आणला.
ते बघत होते.
"पहिले पासंग काढ ताई, मंग तोल."

हात उठला. "लाभ," ते स्वतःशीच म्हणाले.
तोंडाला एक म्हणायची सवयच नाही.
लाभ: एकशे चार.
दोन: एकशे सहा.
तीन: एकशे पाच.

आकडा सांगताना माझाच आवाज खाली गेला.
बाहेर बाकावर त्यांची सून बसलेली,
तिला मी परवाच म्हटलं होतं, सुधारणा आहे.

चष्मा कपाळावर सारून त्यांनी कार्ड वाचलं.
मग म्हणाले, एका मोसमात
काट्याच्या दांडीवर कुंभारमाशीने घर केलं होतं,
बोटाच्या पेराएवढं, मातीचं.
दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत
कुणाचं किती गेलं, कोण सांगेल?
एके दिवशी दिसलं. नखाने खरवडलं.
"कोनले सांगं नही."

पंख्याचा आवाज तेवढा होता.
"लिख," ते म्हणाले. "एकशे पाच लिख."

मी जुने आकडे खोडले नाहीत.
प्रत्येकापुढे बारीक अक्षरात लिहिलं,
पट्टा नव्हता.

आंघोळीत ठिपके पुसू नका म्हटलं,
तर हसले,
सुनेला वाटेल, या वयात गोंदवून आलो.